आतली कडी

आमच्या खिडकीचं ग्रिल बनवणारा वेल्डर घरफोडीबद्दल सात वर्षं तुरुंगात होता, हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं. "दुसऱ्या कुणी तुमचे कान भरण्याआधी मीच सांगतो." सुटल्यावर चाळिशीत त्यानं वेल्डिंगचा कोर्स केला. त्याचे कच्चे जोड तिथले सर रोज हातोड्यानं तोडायचे आणि हा पठ्ठ्या रोज नव्यानं जोडायचा.

ग्रिल बघून मी मात्र भडकलो. मधोमध चक्क छोटं दार! "अहो, चोराला आमंत्रण देताय का?"

"चोराचं मला सांगता?" तो हसला. "कडी आतून आहे. आग लागली तर बाहेर कुठून पडाल?"

मग त्यानं माझ्या म्हाताऱ्या आईला कडी उघडून बघायला लावली. तिला ती सरकेना. झालं! मी नको नको म्हणत असताना त्यानं कडी कापली, वीतभर खाली जोडली आणि घासून गुळगुळीत केली. आता ती एका बोटानं सरकली. आईनं गंमत म्हणून चारदा उघडून लावली.

"आतून उघडतं ते घर, आजी," हत्यारं आवरत तो म्हणाला. "नुसतं बाहेरूनच उघडतं, तिथं मी राहून आलोय."