चहाबरोबरची गोळी

सकाळी मैदानाच्या कठड्यावर बसलो होतो. भरतीसाठी धावणारी एक मुलगी फेरी अर्धवट सोडून थांबली. ओठ पांढरे पडलेले. तिने पिशवीतून लोहाची लाल गोळी काढली आणि टपरीवरच्या चहाबरोबर गिळली. ते पाहून मला बसवेना.

मी पोलीस प्रशिक्षण केंद्रात उस्ताद होतो, रंगरुटांना पळवणारा. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पोरं फेकून देतात, म्हणून सकाळी चहाच्या रांगेतच, माझ्या डोळ्यांसमोर, गिळायला लावायचो. त्या शिस्तीचा मला अभिमान होता. मुलग्यांचं निभावलं. मग मुलींची तुकडी आली. मुलींच्या अंगातलं लोह महिन्याच्या महिन्याला कमी होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सुनंदा नावाची मुलगी मागे मागे पडत गेली.

"उस्ताद, गोळी रोज घेते, तरी दम पुरत नाही."

"गोळी पोटात जाते, मग दम कुठे जातो? नखरे नुसते!"

सगळी रांग हसली. तिच्या शेऱ्यात मी ‘कामचुकार’ लिहिलं आणि तिला घरी धाडलं.

पुढे सुनेच्या बाळंतपणात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चहामुळे लोह अंगी लागत नाही. त्या चहाच्या रांगेचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पाय हुकूम ऐकतात, रक्त ऐकत नाही. सुनंदा कामचुकार नव्हती.

मी उठून त्या मुलीजवळ गेलो. "पोरी, गोळी चहाबरोबर नको. लिंबूपाण्याबरोबर घे."

"आजोबा, तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही गं. मी चहाबरोबर द्यायचो."