दहा कोटी एक

आमचे हे आज सकाळी गेले.
आता खोटं ओढायचं त्राण माझ्यात नाही, म्हणून लिहिते. टाइप नातीने केलंय, शब्द माझेच.

१९४६ साल. मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "पाढे किती येतात?"
"तीसपर्यंत," मी ठोकून दिलं.
येत होते सोळापर्यंत. बघायच्या कार्यक्रमात कोण खरं बोलतं हो?

हे सुप्याजवळच्या एका गावात मास्तर. गणिताचं भारी वेड.
दहा कोटी एक ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, हे त्यांना दाखवायचं होतं.
त्यासाठी दहा हजारांच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. बाराशेच्या वर भागाकार, तेही हाताने!

"तुला तीसपर्यंत येतात ना? मग तिसाच्या आतल्या दहा तू कर," म्हणाले. किती कौतुकाने दिल्या होत्या.

तेरापर्यंत नीट केलं. सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस... सरळ लिहून टाकलं, 'भाग जात नाही'.

तीन वर्षं शाळा सुटली की हे ओट्यावर भागाकार करत बसायचे. शेजारचे आबा म्हणायचे, "मास्तर, त्या आकड्यानं प्वाट भरतंय व्हय? लई झालं आता."

तोवर शाळेतल्या पोरांचं ऐकून ऐकून मलाही सतराचा पाढा पाठ झाला. एका दुपारी कोळशाने जमिनीवर भागाकार केला.
बाकी शून्य.
परत केला. शून्यच.

सांगायला उठले, तर हे दारात. हातात गुळाचा खडा.
"संपलं गं! एकानेही भाग गेला नाही. मूळच आहे!" आणि रडायलाच लागले.
मी गूळ खाल्ला.

मेलं नशीब बघा. माझ्या बाकीच्या तिन्ही थापा खऱ्या निघाल्या. बाराशेंत एकट्या सतरानेच भाग जात होता, आणि तो नेमका माझ्या वाटणीचा.

पुढे जन्मभर त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. व्याह्यांना, एसटीच्या कंडक्टरला. वर, "हिनेही दहा केल्यात हं!"
मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परवा आयसीयूत शुद्धीवर आले, तर डॉक्टरांनाही तेच. मग माझ्याकडे बघून, "बरोबर ना गं?"
"बरोबर," म्हटलं.
तेच आमचं शेवटचं बोलणं.

अहो, सतराने भाग जातो. खोटं माझं होतं.
तुम्ही केलेला एकही भागाकार चुकला नव्हता.
शेवटचा नमस्कार करते.