झाकणं उचलणाऱ्या कौसल्याबाई

दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर चुलीशी जाऊन भांड्यांवरची झाकणं उचलून पाहणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सक्करदऱ्याच्या तळ्यामागे आमचा छोटासा दवाखाना होता. कौसल्याबाई तिथल्या आया. मी नवीकोरी नर्स, वजनकाटा घेऊन त्यांच्याबरोबर वस्तीत फिरायची, आणि त्यांच्या या सवयीनं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "पोराची तब्येत अंगावर मागून दिसते बाई, पहिले गंजात दिसते," त्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणत. त्यांच्यावर कोणी रागावत मात्र नसे.

साल एकाहत्तर-बहात्तर असावं. आम्ही विमलच्या खोलीत गेलो. ती विड्या वळायची. नवऱ्याला गिरणीत बदलीचं काम, तेही आठवड्यातून दोनच दिवस. घर तिच्या बोटांवर चालायचं. दहा महिन्यांची सुमी झोळीत गाढ झोपली होती. वजन केलं, तर चार महिन्यांच्या पोरीएवढंही भरेना. झालं, माझा पट्टा सुरू झाला: दूध द्या, अंडं द्या, डाळीचं पाणी द्या. विमल मान खाली घालून पानं कातरत राहिली. कार्डावर 'कारण' असा रकाना होता. त्यात मी ठसक्यात लिहिलं, 'आईचे अज्ञान'.

कौसल्याबाई चुलीशी होत्या. "वरण हाय, भात हाय. मंग पोरगी उपाशी काहून?" त्यांनी सुमीची पापणी उघडून पाहिली आणि हळूच विचारलं, "अफू देऊन राहिली का वं?"

विमलचे हात थांबले. "कणभरच, मावशी. हे जागी राहिली तं हजार विड्या कशा होतीन? ठेकेदार पानं बंद करीन."

मी तोंड उघडणार तोच कौसल्याबाई म्हणाल्या, "चूप राहा बाई." त्यांनी विमलच्या मांडीवरचं सूप ओढून घेतलं आणि भराभर विड्या वळायला लागल्या. "तू पोरीले घे. तिले जागी कर." सुमी जागी व्हायला तिसरा प्रहर झाला. दोन बोटं वरणभात तिनं चाटला. मला माझीच लाज वाटली. रकान्यातलं खोडून मी लिहिलं, 'आईला वेळ नाही'.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी गल्लीतल्या सहा विडीवाल्या एकत्र बसवल्या. रोज एकीनं विड्या सोडून सगळ्यांची पोरं सांभाळायची, भरवायची. तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या पाचजणींनी वळायच्या. पंधरा दिवस नुसती भांडणं. कोणी म्हणे, हिच्या विड्या ढिल्या. कोणी म्हणे, हिनं माझ्या पोराला कमी भरवलं. कौसल्याबाई रोज जाऊन मिटवत. हळूहळू बसलं एकदाचं. दिवाळीपर्यंत सुमी भिंत धरून उभी राहू लागली.

माझी बदली झाली तेव्हा निरोपाचा चहा घेताना मी विचारलं, "अफूवरून तुम्ही विमलला एका शब्दानं बोलला नाहीत. का?"

त्या बशीत चहा ओतत होत्या.

"मीबी विड्याच वळत होती, बाई. मीबी द्यायची. माही शांता कधी रडलीच नाही. सारी गल्ली म्हणे, कशी गुणाची पोरगी हाय. एक दिवस विड्या लवकर पुऱ्या झाल्या. मले लई आनंद झाला. म्हटलं, आज हिले पोटभर पाजू. घ्याले गेली, तं पोरगी थंडगार पडली होती."