भट्टीचा आकडा

आमचे भाऊजी झिलईची भांडी भाजतात. भट्टीच्या भोकाला डोळा लावायचा, आतला रंग बघायचा आणि "झालं, बंद करा" म्हणायचं, यात त्यांचा जन्म गेला. एरवी माणूस तोंडातून शब्द काढेल तर शपथ, पण भट्टीपुढे त्यांचाच शब्द शेवटचा. पुढे त्याच धगीने त्यांचे डोळे अधू केले. डॉक्टरांनी हात टेकले. भाऊजी कुणाला काही बोलले नाहीत, फक्त भोकापाशी जास्त वेळ घुटमळू लागले. भट्टी सुटली असती तर या माणसाजवळ दुसरं काहीच नव्हतं.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि भाऊजींची बायको, घरी रेडिओ-मिक्सर दुरुस्त करते. तिने ठरवलं, भट्टीला आकडा बसवायचा. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या की झालं थर्मोकपल. टोक तापलं की तारांत किंचित वीज उमटते. ती मोजायला तिने एका डब्यात इवलासा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हिशेब करणारी चिप, बसवला. स्वयंपाकघरात टोक उकळत्या पाण्यात धरलं तर डब्यावर बरोबर शंभर. ताई हरखली. मीही शहाणपणा पाजळला, "आता भाऊजींना आराम."

भट्टी पेटवली. डब्यावर अकराशे असताना भाऊजी भोकापासून मागे सरले. "झालं. बंद करा."

"अजून साठ अंश हवेत," ताई म्हणाली.

ते पुन्हा वाकले. डोळे चोळले. "असेल तसं. मला हल्ली नीट दिसत नाही." हे ते आमच्यासमोर पहिल्यांदाच बोलले.

भट्टी उघडली तेव्हा जास्त तापल्याने झिलई ओघळून भांडी एकमेकांना चिकटली होती. ताई डबा खोलून बसली. थर्मोकपलची तार डब्यापर्यंत पुरेना, म्हणून तिने पुढे साधी तांब्याची तार जोडली होती. तो जोड भट्टीच्या भिंतीला टेकून तापत होता आणि डबा लांब, गार. जोड डब्यापेक्षा जितका गरम, तितका आकडा कमी. स्वयंपाकघरात जोड गारच होता, तिथे चूक कळणार कशी?

"तुमचंच बरोबर होतं," ताईने जाऊन सांगितलं. "मी चुकले."

"एवढ्या संसारात तू मला कधी बरोबर म्हटलं नाहीस," भाऊजी म्हणाले. "आजच कसं सुचलं? समजूत काढू नकोस माझी."

तिने जोड दाखवला. मला बोलावलं. मी तेच सांगितलं, तर म्हणाले, "तू तिचाच भाऊ." मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

ताईने तार बदलली. आता भांडी छान निघतात. भाऊजी भट्टीकडे पाठ करून स्टुलावर बसतात आणि विचारतात, "किती झालं?"

परवा भट्टी अजून निम्मीही तापली नव्हती. ताईने मुद्दाम अकराशे साठ सांगितलं. तिला वाटलं, चिडतील, उठतील, निदान एकदा भोकातून बघतील.

"मग बंद कर," भाऊजी म्हणाले आणि पायाने चपला चाचपू लागले.