बाणांची चार बटणं

काष्टीच्या आमच्या घरात विंडोज आणायचंच, असं मी ठरवलं होतं. आणि मी एकदा ठरवलं की आडवं यायची घरात कुणाची टाप नव्हती. श्रीगोंद्याला कॉलेजात जायची, हट्टी होते, त्यात आमच्या आळीत कॉम्प्युटर असलेलं आमचं एकच घर, त्याचा माज वेगळा. मशीन मामानं पुण्यातल्या एका बंद पडलेल्या क्लासमधून आणलेलं. आणलं अभ्यासासाठी, पण त्यावर अभ्यास काही झाला नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम टाइप करायचा आणि गेम सुरू करायचा, एवढंच. पुढं नगरला मैत्रिणीकडे मी विंडोज बघितलं, त्यावरचा विमानांचा गेम बघितला, आणि आमचं काळ्या पडद्याचं डॉस मला एकदम भिकार वाटायला लागलं.

अडचण एकच होती. आमच्या मशीनवर सगळ्यात जास्त माझे वडील खेळायचे.

अण्णा साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. त्यांना काचबिंदू झाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण दोन्ही बाजूंचं हळूहळू दिसेनासं झालं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी चावी परत देऊन आले आणि तो विषय त्यांनी घरात पुन्हा काढला नाही. मग एकदा मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत असताना ते मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो रस्ता तर मला समदा दिसतोय."

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की खुर्ची त्यांची. शर्यत त्यांनी एकदाही जिंकली नाही. वळणावर ओव्हरटेक करायचे नाहीत. मागून लाल गाडी आली की "जा बाबा, तुला लई घाई हाय," म्हणत गाडी बाजूला घ्यायचे. वेळ संपायचा, पडद्यावर हरल्याचं यायचं, आणि हे समाधानानं उठून म्हणायचे, "आज येक बी ठोकर न्हाई." मला हसू यायचं, कधी चीडही यायची. अलीकडे मात्र त्यांची गाडी डावीकडे घासायला लागली होती. पडद्याची डावी कडही आता त्यांना दिसत नव्हती. ते कुणाला बोलले नाहीत, पण मला कळलं होतं.

नगरहून मशीन दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. "ताई, डिस्क लहान आहे. सगळं पुसून मगच विंडोज टाकावं लागेल. आणि हा गाडीचा गेम त्यात चालत नाही, मी दोन ठिकाणी करून बघितलंय."

अण्णा शेजारीच बसले होते. म्हणाले, "टाका की. माझं काय, टाइमपास हाय."

मी ते खरं धरलं, कारण मला तेच सोयीचं होतं. त्याची आजही लाज वाटते.

दुरुस्तीवाला यायचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. ट्रक होता तोपर्यंत अण्णा त्या दिवशी पहाटे उठून तो धुवायचे, स्टिअरिंगला हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे. चावी गेल्यापासून त्या दिवशी ते नुसते उंबऱ्यात बसून राहायचे. त्या सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले, तर ते खाकी शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे उभे. मॉनिटरला झेंडूचा हार. खाली लिंबू. कीबोर्ड ओल्या फडक्यानं पुसलेला, आणि बाणांच्या चार बटणांवर कुंकवाचं एकेक बोट. बाकी कुठल्याच बटणाला काही नाही.

तेवढ्यात दुरुस्तीवाला पिशवी घेऊन दारात. आई त्याला म्हणाली, "आज हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या दसऱ्याला या, मुहूर्त बी हाय."

तो गेल्यावर अण्णा मला हळूच म्हणाले, "आजच्या दिवस ऱ्हाऊ दे. उद्या पूस."

हा माणूस दुसऱ्यांदा चावी परत करत होता, आणि या वेळी घेणारी मी होते. दिवसभर त्या चार लाल ठिपक्यांकडे बघत मी घरात भांडी आपटत फिरले.

दसऱ्याला तो आला तेव्हा मी दारातच उभी राहिले. "विंडोज टाकायचं नाही."

"ताई, ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं. आता हे ठरलंय."

आतून अण्णा म्हणाले, "माझ्यापायी नगं गं."

"तुमच्यापायी न्हाईच. मला विमानं आवडत न्हाईत," मी धडधडीत खोटं बोलले. त्यांना ते कळलं. लिंबू उचलून कोनाड्यात ठेवलं आणि खुर्चीत बसले.

मी स्टूल ओढून त्यांच्या डावीकडे बसले. ट्रकमध्ये क्लीनर बसतो त्या बाजूला. अण्णांनी वरच्या बाणावर बोट ठेवलं, बोटाला कुंकू लागलं, गाडी निघाली.

"डावीकडनं येतीय, अण्णा. थांबा... हां, जाऊ द्या."

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "क्लीनर असं पुटपुटतो व्हय? मोठ्यानं आवाज दे."

मग मी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले.