फोन कप्प्यात ठेवा, मग बसा

तरुण पोरं एका खोलीत बसवा आणि त्यांचे फोन काढून घ्या, किस्से आपोआप साचतात. खांदेश्वरला आमची अभ्यासिका आहे. मी गणिताची निवृत्त शिक्षिका, तिथं देखरेख करते, म्हणजे ओरडते! दाराशी चपला ठेवायचे कापडी कप्पे असतात ना, तसले टांगलेत. चपलांऐवजी त्यात फोन. आत जाताना फोन कप्प्यात, निघताना खिशात. एवढा एकच नियम, पण त्यावर पोरांनी पीएचडी केलीय.

*

आमचा सौरभ. घरचे सगळे मूळचे साताऱ्याकडचे, आता इथंच. एके दिवशी त्यानं कप्प्यात चक्क बटणांचा फोन ठेवला. "मॅडम, स्मार्टफोन सोडला. अभ्यासात मन लागत नव्हतं."

मी गहिवरले हो! दुपारी तो फोन वाजायला लागला. थांबेचना, म्हणून मीच उचलला.

"कोन बाई तुमी? आन आमच्या म्हाताऱ्याचा फोन तुमच्याकडं कसा?"

सौरभची आजी! आजोबा सकाळपासून घरभर फोन शोधत होते. सौरभसाहेबांचा खरा फोन मोज्यात निघाला.

*

ऋतुजा दर तासाला उठून कप्प्यापाशी जायची. "हात नाही लावत मॅडम, नुसतं बघते."

"अगं, पळून जाणारे का तो?"

"तसं नाही मॅडम, त्याला करमत नसेल!"

बघू दिलं.

*

मग पोरांनी टूम काढली, नियम सगळ्यांना सारखा. ठेवला मीपण माझा फोन. म्हटलं, आम्ही बिनफोनचे वाढलो, आम्हाला काय शिकवता! अर्ध्या तासात जीव नुसता खालीवर. बहिणीचा मेसेज आला असेल का, सोसायटीच्या ग्रुपवर कोण भांडतंय... शेवटी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले, तर मागून सौरभ, "मॅडम, माठ तिकडे आहे!"

*

आता प्रणालीचं सांगते. उरणजवळच्या मोरा गावची पोर. आई मासळी विकते. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसायचं म्हणून ही इथं मावशीकडे राहिलेली. मैत्रिणी कॉलेजला लागल्या आणि ही फोनवर त्यांचे फोटो बघत बसायची. हळूहळू बोलणं आटलं, डबा तसाच परत जायला लागला. मी समजले, परीक्षेचं टेन्शन.

एके दिवशी ती फोन कप्प्यातच सोडून घरी गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "शिका काहीतरी हिच्याकडून!" टाळ्या वाजवायला लावल्या. आयुष्यभर गणित शिकवलं, पण एवढं मोठं कधी चुकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी प्रणाली आलीच नाही. मावशी म्हणाली, मोऱ्याला गेलीय.

*

आठवडा गेला. शेवटी तिचा फोन पर्समध्ये टाकून मीच मोऱ्याला गेले. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"प्रणाली, तुझा फोन आणलाय गं."

वळलीसुद्धा नाही. "नको मॅडम. त्यात सगळे खूश असतात."

मला तिथंच रडू आलं, तिच्या आईसमोर. मी मनाच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तशी आई भडकली. "डोक्याचा डॉक्टर? माझी पोर काय येडी हाय?"

"वेडी नाही हो, आजारी आहे. ताप आला असता तर नेलं असतं ना?"

ती पोरीच्या उशाशी जाऊन बसली. मग पोरीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "चला, कदी जायचं?"

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर दर आठवड्याला तिच्याशी बोलायचे. मी दर रविवारी फोन करायचे आणि आईचं उत्तर ठरलेलं, "खाते थोडं. बोलत काय नाय."

*

दोनेक महिन्यांनी भर दुपारी प्रणालीची आई अभ्यासिकेत हजर! हातात पेढ्यांचा पुडा. कुणाला काही कळायच्या आत प्रत्येकाच्या वहीवर पेढा ठेवत सुटली.

"अहो, पण परीक्षा कुठे झालीय अजून?" मी म्हटलं.

"परीक्षा मरूंदे बाई!" पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "सकालीच कडाकडा भांडली माझ्याशी! म्हनं, कालवन खारट झालंय!"