अमावस्येला थांबलेले धक्के

मार्गशीर्ष वद्य सुरू झालेला. साल १९५० नंतरचं चौथं किंवा पाचवं. गाव बारामती तालुक्यातलं. सकाळी चुलीपाशी हजर: सासूबाई, आमचे हे आणि मी. जमीन घुमली, हलली, उतरंडीवरची झाकणं वाजली. तिघंही अंगणात धावलो. पडझड काही नाही.

पुढे बारीक धक्के येत राहिले. दर धक्क्याला मी भिंतीवर चुन्याचं एक बोट ओढायची. एका दिवसाची एक ओळ. पहिली ओळ कोनाड्यापर्यंत गेली, दुसरी तिच्या निम्मी, तिसरी पहिलीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. धक्के यायच्या वेळेला मात्र धरबंद नव्हता. ओळी आखडत गेल्या, तेव्हा आठवड्याने अंगणातली अंथरुणं आत घेतली.

मग ओळी आखडायच्या थांबल्या. रोज दोन-तीन धक्के, तेही दुपारच्या भाकरीनंतरच. मला ते पटेना. त्यातच विहिरीचं पाणी एक पायरी उतरलं. आमचा सगळा भाजीपाला त्या एका झऱ्यावर. उभ्या उसापलीकडे चुलत दिरांचं रान. आमचा झरा तुटेल म्हणून त्यांनी तिथं विहीर पाडायची नाही, असं वाटणीतच ठरलेलं.

हे दीर पान खायला आले तेव्हा मी विचारलं, "आबा, दुपारी तुमच्याकडंबी हादरतं का?"

"व्हय की, वैनी. भूकंपच न्हवं त्यो. पाणीबी त्यानंच उतरलं आसंल."

पाणी उतरल्याचं मी बोललेच नव्हते.

अमावस्येला भिंतीवर एकही बोट पडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. अमावस्येला आमच्याकडे कोणी औत धरत नाही, विहीर खोदणारेही सुट्टी घेतात. संध्याकाळी आबा आले, तशा सासूबाई म्हणाल्या, "धरणीमायबी आमुशा पाळाया लागली म्हणायची!"

"काकी, चेष्टा करताय व्हय?" ते हसले, पण पानाचा डबा उघडाच टाकून उठले.

सकाळी हे आणि मी उसापलीकडे गेलो. खोल खड्डा, तोंडावर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास. त्याखाली उडवलेला सुरुंग बाहेर नुसता घुमत असणार.

"पाणी लागलंच न्हाय," तिथं उभे असलेले आबा म्हणाले. "बुजवून टाकतो."

काठावर पडलेला दोर ओला होता.

आमच्या विहिरीची ती पायरी अजून कोरडी आहे. खड्डा बुजवायचा राहिला आहे.